अंगणातला कारखाना

आमच्या अंगणात एक कारखाना होता. त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, आत यंत्राचा खिळाही नव्हता. दार मात्र होतं. चार कोपऱ्यांना पांगाऱ्याचे चार ओले खुंट ठोकलेले, त्यांना सभोवार सुंभ बांधलेलं, आणि दर्शनी बाजूला हातभर जागा मोकळी सोडलेली. तेच दार. आत जायचं ते तिथूनच, असा आमच्या काकांचा नियम होता.

मी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर, शाळा संपवून घरी बसलेली, नकला करण्यात वाडीत पहिली आणि नियम मोडण्यात त्याहून पहिली. एकदा कपडे वाळत घालायला जाताना मी सुंभ ओलांडून सरळ पश्चिमेच्या भिंतीतून आत शिरले. ओसरीवरून काका ओरडले, "अगो, भिंतीतून काय येतेस? भूत हायस काय?"

मी मागे फिरले. वळसा घालून दारापाशी गेले, हवेतली कडी हवेत काढली, तोंडाने 'कर्रर्र' असा आवाज केला आणि आत पाऊल टाकलं. म्हटलं, "काका, बिजागऱ्यांना तेल घाला."

आई हसली, काकू हसली. काका हसले नाहीत. त्यांनी दाराच्या त्या जागेकडे नीट पाहिलं, जणू काही तेल घालायचं खरंच राहून गेलं होतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील मंडणगडला मास्तर होते, सुट्टीपुरते घरी यायचे. काका मुंबईला एका गिरणीत बॉयलरवर. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात तेव्हा बहुतेक घरांची हीच मांडणी होती: बाई इथं, पुरुष तिथं, आणि मध्ये एस.टी. काका गणपतीला यायचे आणि शिमग्याला यायचे. लग्न झाल्यापासून काकूने त्यांना एवढंच पाहिलेलं. तिला मूल नव्हतं. त्यावरून विहिरीवर एका बाईने टोमणा मारला, तेव्हा काकू कळशी कमरेवर घेत म्हणाली, "वर्षाला दोनदा येणारी गाडी गो माझी! तिच्यात जागा मिळाली तर मिळाली." बाया इतक्या हसल्या की टोमणा मारणारीच्या हातून दोर सुटून कळशी विहिरीत गेली. काकू मात्र न हसता घरी आली आणि बराच वेळ तांदूळ पाखडत बसली.

मग गिरण्यांचा संप झाला. काका पत्र्याची ट्रंक घेऊन आले. म्हणाले, "मिटला की जातो." संप काही मिटला नाही, आणि त्यांची गिरणी तर पुन्हा उघडलीच नाही. गणपती झाला, दिवाळी झाली, शिमगा येऊन गेला आणि काका घरातच होते.

काकूला आपला नवरा नव्याने भेटला. उन्हाळ्यातला नवरा तिने कधी पाहिलाच नव्हता. ती आईला कौतुकाने सांगायची, "वयनी, ह्यांना घामोळं येतं! मला म्हायतच नव्हतं." दुसऱ्या दिवशी नवी बातमी: "ह्यांना बरका फणस आवडत नाय. कापाच लागतो." चाळिशीला आलेली बाई, नव्या नवरीसारखी रोज एक शोध लावत होती आणि तो सगळ्या घराला वाटत होती. मी तिची नक्कल करायचे, ती मला झाडू घेऊन मागे लागायची.

काका मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले. भातशेती चार महिन्यांची, तीही तुकडाभर. गाववाल्याचा मुंबईहून निरोप आला होता की एका सोसायटीत वॉचमनची जागा होते आहे, मिरगाच्या आत कळवा. काकांनी निरोप ऐकला आणि उत्तर पाठवलं नाही.

आता काजूचं सांगते. काकू, आई, मी आणि वाडीतल्या दोघी असा आमचा काजू भाजायचा उद्योग होता. शिमग्यापासून पुढे बिया यायच्या. त्या उन्हात वाळवायच्या, भोकाच्या कढईत घालून खाली जाळ करायचा. टरफलातलं तेल पेट घ्यायचं, ज्वाळा पुरुषभर उठायच्या आणि असा काळा धूर की पलीकडच्या वाडीची माणसं विचारायची, कोण गेलं? मग कढई उपडी करायची, वर माती-राख टाकायची आणि गार झाल्या की एकेक बी दगडावर ठेवून ठोकायची. आतला गर अख्खा निघाला पाहिजे. टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी जळते, काळी पडते, मग सालपटं निघतात. आम्ही हाताला राख चोळायचो, खोबरेल चोळायचो. काही उपयोग नाही. लग्न ठरलेल्या मुलीला तर आई कामाला बसूच द्यायची नाही. मला बसवायची, यावरून काय ते समजा.

काकूचा भाऊ अलोऱ्याला धरणाच्या कॉलनीत नोकरीला होता. कॉलनीतली माणसं पेपर वाचणारी. त्याने येऊन सांगितलं की असे लहान लहान उद्योग करणाऱ्यांना सरकार मदत देतं. शेड बांधायला देतं, यंत्र घ्यायला देतं. काजू वाफेवर उकडायचा एक बॉयलर असतो आणि पायाने दाबून बी फोडायचं एक यंत्र असतं. धूर नाही, जाळ नाही, हात काळे नाहीत.

काकांनी त्यातला एकच शब्द ऐकला.

"बॉयलर?" ते म्हणाले. "कितीसा मोठा?"

"हांड्यापेक्षा जरा मोठा असंल, दाजी."

"लहान का असेना. बॉयलर तो बॉयलर." आणि कितीतरी महिन्यांनी काका भडाभडा बोलू लागले. बॉयलर कोळसा खातो, पाणी पितो आणि रागावला की शिट्टी मारतो. त्याचं पोट हाताने ठोकून आवाजावरून ओळखायचं की आत क्षार साठलाय. त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही. काकू तोंडाला पदर लावून ऐकत होती, आणि मला दिसलं की ती बॉयलरचं काही ऐकतच नव्हती, नुसती त्यांच्याकडे पाहत होती.

त्याच संध्याकाळी काकांनी पांगाऱ्याचे खुंट तोडून आणले आणि अंगणात शेड आखली. बॉयलर इथं, यंत्र तिथं, पोती ह्या भिंतीला, बायकांना बसायला खिडकीपाशी उजेडात. खिडकी कुठली विचाराल तर दोन खुंटांच्या मधोमध त्यांनी सुंभाला एक चिंधी बांधली होती. अर्जाचे सगळे कागद झाले, तालुक्याला गेले, रत्नागिरीला गेले. शेड झाली तर काका राहणार, नाही झाली तर वॉचमनच्या जागेवर जाणार. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही आणि घरात ते ठाऊक नसलेलं एक मांजरसुद्धा नव्हतं.

मग ग्रामसेवक सांगत आला, "गुरुवारी साहेब येतायत. उद्योगाचे. तुमचं चालू काम बघायला."

काकांनी त्याला गूळपाणी दिलं, चहा पाजला. तो गेला आणि घरात एकच कल्लोळ उठला. रत्नागिरीहून साहेब येणार! जीपमधून! आपल्या अंगणात!

आता पडदा वर जातो. काय तयारी, काय तयारी! पहिली गोष्ट म्हणजे भाजण्याचं काम बंद. साहेबांच्या डोळ्यांत धूर जाईल. टरफलांचा ढीग मागच्या दारी काळाकुट्ट पडला होता, तो आम्ही टोपल्या भरभरून खालच्या पऱ्याच्या ओहोळात नेऊन टाकला. बियांची पोती शेजारच्या पडवीत हलवली, कारण पोत्यांमुळे ओसरी कोंदट दिसत होती. भोकाची कढई, ठोकायचे दगड, चिमटे, सगळं गोठ्यामागे. अंगण नवं सारवलं. शेडच्या जागेत काकूने स्वतः रांगोळी घातली. शाळेतून दोन खुर्च्या आणल्या, शेजारून भिंतीवरचं घड्याळ आणि स्टीलची ताटं आणली, वाडीतल्या एका नव्या नवरीकडून फुलाफुलांचा पडदा आणला. मी खुर्चीत बसून साहेबांची रंगीत तालीम केली: चष्मा नाकावर, मान तिरकी, "हं, हं, अस्सं." आई पोट धरून हसत होती. काकू ओरडली, "हसता काय, वयनी, नारळ खवा!"

जेवण काय करायचं हा मोठा प्रश्न. साहेब मासे-मटण खाणारे की न खाणारे, माहीत नाही. म्हणून न खाणारे धरून घावणे, नारळाचा रस, सोलकढी आणि काजूची उसळ. काजूची उसळ तर पाहिजेच, काजूचे साहेब ना!

बुधवारी रात्री काकू हातांना लिंबू चोळत होती. राख लावून झाली, चिंच लावून झाली. बोटं तशीच, जळक्या लाकडासारखी. शेवटी म्हणाली, "पदराखाली धरीन."

साहेब आले. तरुण होते, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे असतील. चष्मा नव्हता, मान सरळ होती, माझी तालीम फुकट गेली. चांगला माणूस होता, हे आधीच सांगून ठेवते. दारातून आत आले, म्हणजे सुंभाच्या दारातून. काकांनी हात दाखवला आणि त्यांनी काही न विचारता वळसा घातला.

मी आणि काकू स्वयंपाकघराच्या दारामागे.

"काजूचं काम कुठे चालतं?" साहेबांनी विचारलं.

"इथंच, साहेब."

साहेबांनी अंगण पाहिलं. हिरवंगार सारवण, पांढरी रांगोळी. "इथे?"

"म्हणजे बायका बसतात रिकामपणी. दोन बिया फोडतात."

दोन बिया! काकूने माझा दंड असा दाबला की पुढे दोन दिवस काळानिळा होता.

"मग व्यवसाय म्हणून..."

"धंदा कसला, साहेब! घरगुती आपलं."

"यंत्राची गरज कितपत वाटते?"

"दिलंत तर उपकार होतील. नाही तर चाललंय. देवाच्या दयेनं कमी काही नाही."

आमच्याकडे पाहुण्याने 'कसं काय' विचारलं की उत्तर एकच असतं. अंगात ताप फणफणत असला तरी 'बरं हाय' म्हणायचं. आलेल्या माणसापुढे आपलं कमी सांगणं म्हणजे त्याच्या पानात मीठ कमी वाढण्यासारखं. काकांना मुंबईत इतकी वर्षं काढूनही दुसरं उत्तर ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगते, ते बोलत असताना मला ते शोभूनच दिसलं. काय घरंदाज बोलतात आपले काका, असंच वाटलं.

साहेब चिवट होते. "भाजायचं भांडं, बिया, तयार माल, काही पाहायला मिळेल?"

काकांनी गोठ्याकडे पाहिलं. ती तेलकट काळी कढई पाहुण्याच्या पुढ्यात आणून ठेवायची, ऐन पानावर बसायच्या वेळी? "बघू की, साहेब. आधी जेवून घ्या. पान वाढलंय."

साहेब जेवले. घावणे आवडीने खाल्ले, उसळ पुन्हा मागितली. हात धुवायला पायरीशी आले तेव्हा काकू तांब्या घेऊन उभी. पाणी ओतायला पदराखालून हात काढावाच लागला. साहेबांनी पाहिलं.

"हाताला काय झालं, वहिनी?"

विचारून ते थांबले. ओंजळीतलं पाणी गळून गेलं तरी थांबले. मी मागेच उभी होते, माझे तसलेच हात पाठीमागे धरून.

"चुलीवर भाजलं जरासं," काकू म्हणाली.

"जपा," साहेब म्हणाले. पुढच्या गावाला जायचं होतं, जीप निघाली.

आणि घरात आनंदीआनंद! साहेबांनी घावणे दुसऱ्यांदा घेतले म्हणजे काम झालंच. काका दुसऱ्या दिवसापासून जोत्यासाठी चिरे जमवायला लागले. जुन्या पडक्या गडग्यातले चिरे डोक्यावरून आणायचे आणि कोपऱ्यात रचायचे. बॉयलरखाली चिरा कसा बसवायचा, यावर आईला व्याख्यान द्यायचे. आईला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ती प्रत्येक वाक्याला "मग!" म्हणायची आणि काका खूश व्हायचे.

आंबे संपत आले तेव्हा ग्रामसेवक आला. ह्या वेळी चहा नको म्हणाला, त्यावरूनच काकूने ओळखलं असावं. तो चिऱ्यांच्या ढिगाकडे पाहत म्हणाला, "पाहणीत काम चालू असल्याचं काही दिसलं नाही, असं झालंय. आणि घरची परिस्थितीही बरी दिसली म्हणे. पुढल्या वर्षी परत अर्ज करा."

"दिसलं नाही?" काका म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "अहो, पण आम्ही सगळं किती नीट ठेवलं होतं."

ग्रामसेवकाने सायकल वळवली. "तेच ना," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकूने गोठ्यामागची कढई ओढत आणली आणि ऐन अंगणात मांडली, रांगोळी होती त्याच जागेवर. पोती फोडली. इतक्या बिया एकदम कधी कुणी भाजत नाही. जाळ आंब्याच्या फांदीला लागायला आला, धुराचा खांब सरळ वर चढला आणि सगळ्या वाडीवर आडवा झाला. काकूचं तोंड काळं, डोळ्यांतून पाणी. तशीच काठीने बिया ढवळत होती.

मी म्हटलं, "काकू, साहेब गेले गो. महिना झाला."

"दिसूं दे रत्नागिरीपर्यंत," ती म्हणाली.

आई तिच्या हातातून काठी घ्यायला गेली, तर तिने दिली नाही. काका ओसरीवर बसून होते. धूर त्यांच्याकडे वळला तरी ते उठले नाहीत. त्याच दुपारी त्यांनी मुंबईला होकार कळवला.

गेले त्या सकाळी ट्रंक डोक्यावर घेऊन ते पायऱ्या उतरले आणि एस.टी. गाठायच्या घाईत अंगणातून तिरके निघाले. पूर्वेकडचं सुंभ ओलांडून आत आले, आणि समोरचं ओलांडायला पाय उचलला. काकू त्यांच्या मागोमाग वाटेतल्या भाकरीचा डबा घेऊन आली होती. ती मात्र दारातून आत आली होती.

"दार तिथं हाय," ती म्हणाली.

काका उचललेला पाय तसाच ठेवून थांबले. मग वळले. ट्रंक सावरत दारापाशी आले, एक हात मोकळा केला आणि हवेतली कडी काढली. बाहेर पडले आणि दार मागे ओढून घेतलं. एवढं सगळं नाटक करणारी मी, मला तोंडाने कर्रर्र करता आलं नाही. काकू डबा हातात घेऊन आत उभी राहिली. डबा द्यायचा राहूनच गेला.

पांगारा तो, त्या पावसात चारही खुंटांना पालवी फुटली. पुढच्या उन्हाळ्यात काकूने पुन्हा अर्ज केला, आणि साहेब येणार म्हटल्यावर अंगणात झाडूसुद्धा फिरवला नाही. आलेले साहेब दुसरे होते. धुरात खोकले, पोत्याला अडखळले, आणि काकूने न विचारता दोन्ही हात त्यांच्यापुढे पसरले. जेवायला मी वाढलं. सरकारचा माणूस म्हणून उपाशी कसा पाठवायचा? शेड झाली. दार काकांनी सोडलं होतं त्याच जागी बसवलं. बॉयलर आला, पायाचं यंत्र आलं. बॉयलर चालवायला काकू शिकली. वाडीतल्या बायका खिडकीपाशी उजेडात बसायला लागल्या आणि त्यांच्या हातांची कातडी हळूहळू माणसांसारखी झाली.

काकांना कळवलं होतं. पण मुंबईत गिरण्यांतून सुटलेली माणसं एकमेकांच्या जागांवर टपलेली, वॉचमनची नोकरी एकदा सोडली की पुन्हा मिळायची नाही. आणि बायकोच्या शेडमध्ये बायकोच्या हाताखाली, असंही कुणीतरी त्यांना म्हणालं असेल. ते राहिले तिथेच. गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे.

आणि ते येणार म्हटलं की काकू काम बंद ठेवायची. बायकांना सुट्टी. बॉयलर विझवून, घासून पुसून ठेवायची. शेड सारवायची, अंगणात रांगोळी घालायची आणि घावणे करायला बसायची.

"जरा पेटव की," काका म्हणायचे. "बघू तरी कसा चालतो."

"दोन दिवसांसाठी येता, आणि तुमच्यापुढं आवाज नि घाम कशाला? बसा तुम्ही."

काका मग दारातून शेडमध्ये जायचे, थंड बॉयलरच्या पोटावर बोटं ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. तो चालताना त्यांनी कधी पाहिला नाही.